औटकीचा चढ

अण्णांना शिंक आली ती नेमकी दादाचा फोन चालू असताना. रिसीव्हर माझ्या कानाला होता आणि अण्णा चार हात लांब, ओसरीच्या दाराशी खुर्चीत बसून बूट घालत होते. पण शिंक अशी होती की ती थेट बडोद्याला पोचली.

"कोण शिंकलं?" दादाने विचारलं.

"अण्णा."

"आणि आता काय करताहेत?"

मी अण्णांकडे पाहिलं. कानटोपी घालून झाली होती, तिच्यावरून मफलर गुंडाळून झाला होता, आणि आता ते खाली वाकून पँटच्या उजव्या पायाला चिमटा लावत होते. चेनमध्ये कापड अडकू नये म्हणून नोकरीतल्या पहिल्या वर्षापासून लावत आलेला चिमटा. वाकल्यामुळे नाक वाहत होतं, ते त्यांनी मफलरच्या टोकाला पुसलं आणि माझ्याकडे बघून नुसता हात हलवला, सांगू नको म्हणून.

"बसलेत," मी म्हणाले.

"सायकलवर की खुर्चीवर?"

दादाला फसवणं लहानपणीही कधी जमलं नव्हतं. मग त्याने अण्णांना फोन द्यायला सांगितलं. अण्णांनी रिसीव्हर घेतला, बराच वेळ "हं", "हं" केलं, मध्ये एकदा "अरे, थंडी पडली की नाक गळायचंच, ते काय नळ आहे का बंद करायला" असं म्हणाले, आणि शेवटी म्हणाले, "बरं. माझाच नियम ना? मग मलाही लागू. बघू दे शैलाला."

फोन ठेवून ते मला म्हणाले, "चल. तुझीही सायकल काढ. परीक्षा आहे माझी."

आमचं गाव निफाड तालुक्यातलं. थंडी कशी असते ते महाराष्ट्राला आमच्याकडून कळतं. पौष महिन्यात पहाटे द्राक्षबागांतून शेकोट्या पेटतात, मणी थंडीने तडकू नयेत म्हणून, आणि सूर्य वर येईपर्यंत सगळ्या शिवारावर धुराची एक गोधडी पसरलेली असते. अण्णा पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. नोकरीभर रोज सकाळी सायकलने पाटावर जायचं, पाणी कुठवर आलंय ते बघायचं, कुणी चोरून पाटाचं दार उघडलंय का ते बघायचं. निवृत्त झाल्यावर खात्याने दुसरा माणूस नेमला, त्याला मोटरसायकल दिली. अण्णांचं जाणं तरी थांबलं नाही. गावात अजून त्यांना पाटसाहेबच म्हणायचे, आणि तो दुसरा माणूस 'नवे साहेब' होता.

आई श्रावणात गेली होती. दिवाळीनंतर कॉलेजातून लांबलचक रजा काढून मी अण्णांपाशी येऊन राहिले होते. आठवडाभरात मला परत पुण्याला जायचं होतं आणि अण्णांचं काय, हा प्रश्न घरात प्रत्येक जेवणाला आमच्यासोबत पाटावर बसत होता. दादाचं म्हणणं सरळ होतं. अण्णांनी बडोद्याला यावं, निदान उन्हाळ्यापर्यंत. उन्हाळ्यापर्यंत म्हणजे कायमचं, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. घराला एकदा कुलूप लागलं की ते उघडायला कुणी येत नाही.

दादा वाईट नव्हता. आई गेली तेव्हा तो वाटेत होता, सुरतेजवळ गाडी तासन्‌तास अडकली होती. तो आला तेव्हा आम्ही नदीवरून परतलो होतो. तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती. अण्णांच्या बाबतीत असं व्हायला नको. आणि बहात्तर वर्षांचा माणूस थंडीत, धुरात, सर्दी घेऊन सायकल हाणतो आहे हे त्याला तिकडे बसून सारखं दिसत होतं.

अण्णांचा नियम आमच्या घरात फार जुना. मी हायस्कूलला सायकलने जायची तेव्हापासूनचा. सर्दी झाली की ते म्हणायचे, नाकात आहे तोवर सर्दी कॅरिअरवर बसते, आपण सीटवर. छातीत उतरली की ती सीटवर बसते आणि आपल्याला कॅरिअरवर बसवते. ती कुठे बसली आहे हे ओळखायचं कसं, तर औटकी म्हणायची. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. त्यांच्या वेळेला शाळेत पावकी, निमकी, सवायकी सगळं घोकून घेत. मला ती शाळेत नव्हती, अण्णांनी केवळ सर्दीसाठी शिकवली. अंगणात सायकलवर गोल फिरत वीसपर्यंत पाढा म्हणायचा. मध्ये खोकला आला, दम लागला, पाढा तुटला, तर सायकल भिंतीला आणि मी एसटीला. एकदा मी मुद्दाम खोकले होते, गणिताची परीक्षा होती म्हणून. अण्णांनी एसटीचे पैसे दिले आणि म्हणाले, खोकला छान आहे, पण तो बाराव्यावर यायला नको होता, अजून चढ कुठे आलाय.

दादाला हा नियम माहीत होता, म्हणून तर त्याने तो काढला. अण्णांनी पाटावरच्या चढावर औटकी म्हणावी. वीसपर्यंत न तुटता गेली तर त्यांनी खुशाल इथे राहावं, तो पुन्हा विषय काढणार नाही. तुटली तर बडोदा. शनिवारपर्यंत बघायचं. आणि साक्षीदार मी.

गावाबाहेर मोगलांची बाग संपते तिथून रस्ता पाटाच्या भरावावर चढतो. फार मोठा चढ नाही, पण सरळ अंगावर येणारा. मी मागच्या खोलीतून काढलेल्या माझ्या जुन्या लेडीज सायकलवर मागे होते आणि पुढे अण्णा. मफलरची दोन टोकं पाठीवर उडत होती. चढाला लागताच त्यांनी सुरू केलं. आवाज सर्दीने बसलेला होता, पण ठेका पक्का. एक पायडल, एक ओळ.

"एक औटं साडेतीन. दोन औटं सात. तीन औटं साडेदहा."

मीच दमले. अण्णा दहापर्यंत आले तेव्हा माझं अंतर पडलं होतं आणि त्यांचा आवाज तसाच येत होता, शेतावर पाणी सोडल्यासारखा, न घाई, न खंड. तेरा, चौदा, पंधरा. "सोळा औटं छप्पन्न," ते म्हणाले. "सतरा औटं."

आणि गप्प झाले.

पायडल फिरत होतं. मी वाट पाहिली. अण्णा तसेच न बोलता चढून वर गेले, भरावावर उतरले, सायकल दाराच्या कठड्याला लावली आणि खोकले. बागेतला धूर वाऱ्याने नेमका तिकडेच येत होता.

खाली शेकोटीपाशी निवृत्तीभाऊ मोगल बसले होते. त्यांच्या बागेतून रोज दोनदा जायचं, त्यामुळे त्यांना सगळं माहीत असायचं. ते ओरडून म्हणाले, "काय साहेब, पास का नापास?"

"पेपर अवघड होता," अण्णा म्हणाले.

"आधी नाक पुसा मग पेपर लिहा. शाई पसरते."

अण्णा हसले. मला हसू आलं नाही. मी त्यांच्याकडे बघत होते. ओठ निळे पडलेत का, छाती भात्यासारखी हलतेय का. तसं काही दिसत नव्हतं. पण पाढा तुटला होता, आणि नियम त्यांचाच होता.

दादाला मी सांगितलं, सतरावर तुटला. तो म्हणाला की सतरापर्यंत येणंही या वयात कमी नाही, पण तरी. "तरी" च्या पुढे त्याने काही म्हटलं नाही. मलाही ऐकायचं नव्हतं.

दुपारी मी अण्णांना तालुक्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पुढून मागून तपासलं, छाती साफ आहे म्हणाले, नाकाची सर्दी आहे, वाफ घ्या. सायकल चालवू का, हे अण्णांनीच विचारलं. डॉक्टर म्हणाले, चालवू नका असं म्हणण्यासारखं काही सापडत नाही, पण दोन-चार दिवस घरी बसलात तर सर्दी लवकर जाईल. "अंगाला आराम मिळाला की ते लढतं," असं काहीसं ते म्हणाले. येताना रिक्षात मी अण्णांना तेच म्हटलं. दोन-चार दिवस बसा की घरी. सायकल कुठे पळून जाते.

अण्णा बाहेर बघत होते. "सायकल नाही पळत," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी थंडी आणखी होती. बादलीतल्या पाण्यात हात घालवत नव्हता. मी चहात आलं, गवती चहा, मिरी, जे हाताला लागलं ते घातलं. अण्णांनी तो प्याला नाक मुरडत संपवला आणि चिमटा लावायला वाकले. मी म्हटलं, आज राहू दे. शनिवारला अजून वेळ आहे. ते म्हणाले, "शैले, परीक्षेला गैरहजर राहिलेला नापासच धरतात."

चढावर पुन्हा तेच. आवाज आदल्या दिवसापेक्षा जास्त बसलेला, नाकातून येणारा, पण ठेका तसाच. या वेळी मी जोर करून त्यांच्या जवळ राहिले होते. मला त्यांचा श्वास ऐकायचा होता. सोळा औटं छप्पन्न झालं. सतरा औटं झालं. आणि मी ऐकलं की श्वास चालू आहे, नाकातून सूं-सूं करत, पण नेमाने. खोकला नाही, धाप नाही. पाढा मात्र थांबला होता. अण्णांनी मान किंचित डावीकडे वळवली, मागे कुणी काही बोलतंय का ऐकावं तशी. मग पुन्हा समोर. उरलेला चढ ते मुक्याने चढले.

वर गेल्यावर मी विचारलं, "दम लागला?"

"नाही."

"मग?"

"थांबला," ते म्हणाले. जणू पाढा हा कुणी तिसराच माणूस होता.

त्या दुपारी आम्ही अंगणात उन्हात सोलाण्यांची भाजी करायला हरभरा सोलत बसलो होतो. मध्ये सूप, दोन्हीकडून आम्ही. आई असती तर या वेळी तिने अण्णांच्या हातातले घाटे काढून घेतले असते, कारण ते सोललेल्यातले निम्मे खायचे. मी नुसती बघत होते. ते तंद्रीत होते आणि तोंडातल्या तोंडात काही चाललं होतं. मी कान दिला. औटकी होती. एक घाटा, एक ओळ.

सोळा औटं छप्पन्न. सतरा औटं.

हात थांबला. हातातला घाटा तसाच, अर्धवट उघडलेला. काही वेळाने त्यांनी तो सुपात न टाकता तसाच बाजूला ठेवला आणि पुढचा उचलला. पाढा त्यांनी पुढे नेला नाही.

बसलेल्या माणसाला दम लागत नाही. चढ नव्हता, धूर नव्हता. म्हणजे गोष्ट छातीची नव्हती, डोक्याची होती. मी पुष्कळ वाचते, आणि वाचणाऱ्या माणसाला भीतीही वाचलेलीच आठवते. आयुष्यभर पाठ असलेल्या गोष्टीतून मधलाच एक तुकडा गळून पडतो, मग दुसरा, मग रस्ता, मग माणसांची नावं. मी त्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं, कालच्या डॉक्टरांचं नाव काय होतं. त्यांनी नाव सांगितलं, त्यांच्या वडिलांचं नाव सांगितलं, त्या वडिलांनी कुठल्या साली पाटाच्या कुठल्या चारीवर बेकायदा पाइप टाकला होता तेही सांगितलं. मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, "आणि आज गुरुवार आहे. आणखी काही विचारायचंय?"

मी हसून विषय बदलला. पण दादाला त्या दिवशी फोन केला नाही. छाती ठीक आहे हे सांगितलं असतं तर दुसरंही सांगावं लागलं असतं, आणि ते ऐकल्यावर दादा शनिवारपर्यंतही थांबला नसता. त्याचं चुकलंही नसतं.

शुक्रवारी निघताना अण्णांचे डोळे लाल होते. कपाळाला हात लावून पाहिला तर ताप नव्हता, पण अंगात कणकण असणार, कारण ओसरीच्या पायऱ्या ते कठडा धरून उतरले. मी सायकलचं हँडल धरलं.

"अण्णा, नका जाऊ. मी दादाशी बोलते."

"काय बोलशील?"

त्यांनी माझा हात हलकेच बाजूला केला. "सर्दी अजून कॅरिअरवरच आहे," ते म्हणाले. "जड झालीये एवढंच."

निवृत्तीभाऊंची शेकोटी त्या दिवशी मोठी होती. आम्हाला पाहून ते काही बोलले नाहीत, नुसता हात वर केला. चढ सुरू झाला. अण्णांचा आवाज आता आवाज नव्हताच, घशातून निघणारी खरखर होती. तरी एक पायडल, एक ओळ. मी त्यांच्या मागच्या चाकाला चाक लावून चालले होते. मनातल्या मनात मीही म्हणत होते, त्यांच्याबरोबर, देवळात आरती येत नसलेला माणूस ओठ हलवतो तशी. दहा औटं पस्तीस. बारा औटं बेचाळीस. चौदा औटं एकोणपन्नास. मला कळत होतं की ती जागा जवळ येते आहे, आणि त्या जागेपलीकडे बडोद्याचं तिकीट आहे.

"सोळा औटं छप्पन्न," अण्णा म्हणाले. "सतरा औटं."

पायडल फिरलं. एकदा, दोनदा. त्यांची मान पुन्हा तशीच डावीकडे वळली.

"साडेएकोणसाठ," मी म्हणाले.

मला म्हणायचं नव्हतं. साक्षीदाराने उत्तर सांगायचं नसतं. पण ते तोंडातून निघून गेलं, आणि ते निघताच पुढून लगेच, ठेका न चुकता, आवाज आला:

"अठरा औटं त्रेसष्ट. एकोणीस औटं साडेसहासष्ट. वीस औटं सत्तर."

आणि आम्ही वर होतो.

अण्णा सायकलवरून उतरले, पण ती कठड्याला लावली नाही. तशीच धरून उभे राहिले, माझ्याकडे पाठ करून, पाटाच्या पाण्याकडे बघत. खोकला आला नाही. खांदे नेहमीसारखेच हलत होते, चढ चढून आलेल्या कुठल्याही माणसाचे हलतील तसे. मग त्यांनी मफलरने नाक पुसलं, बराच वेळ पुसलं, आणि म्हणाले, "चल घरी. वारा गार आहे."

पाणी कुठवर आलंय हे तपासायचंच ते विसरले होते, हे माझ्या घरी आल्यावर लक्षात आलं.

दादाला फोन मी त्याच सकाळी केला. अण्णा आत वाफ घेत होते. मी ठरवलं होतं की जसं झालं तसं सांगायचं. वीसपर्यंत गेले. छाती साफ आहे, डॉक्टरांनी तपासली आहे. पण मध्ये एक ओळ मी सांगितली. म्हणजे नियमाने नापास.

"मध्ये म्हणजे कुठे?"

"सतरावर."

"परवा पण सतराच म्हणालीस."

"रोज सतराच, दादा." मग मी उरलेलंही सांगितलं, कारण आता लपवण्यात अर्थ नव्हता. काल हरभरा सोलताना, उन्हात, बसल्या बसल्या, तिथेच थांबले. मला भीती वाटते, असं मी म्हणाले. छातीची नाही. दुसरी.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"ती ओळ त्यांची नाही," दादा म्हणाला.

"म्हणजे?"

"तू नव्हतीस तेव्हा. आम्ही चारीवरच्या क्वार्टरमध्ये राहायचो. बाजाराला जाताना मी पुढे दांडीवर, आई मागे कॅरिअरवर. चढ आला की आई म्हणायची, उतरते मी, तुम्हाला जड होतंय. आणि अण्णा म्हणायचे, कुठे जड होतंय, हे बघ, आणि औटकी सुरू करायचे. सतरा आलं की गप्प. त्यांना ती कधीच यायची नाही, शाळेत त्यावरून छड्या खाल्ल्यात म्हणे. मग मागून आई म्हणायची."

तो थांबला.

"साडेएकोणसाठ," तो म्हणाला. आवाज दादाचाच होता, पण ठेका मी त्या सकाळी ऐकलेला. "नंतर त्यांना येत असणारच ग. इतक्या वर्षांत येणार नाही का? पण ते थांबायचेच. आणि ती म्हणायचीच. मी मॅट्रिकला असेपर्यंत मला वाटायचं, औटकी दोघांनी मिळूनच म्हणायची असते."

मी ओसरीत उभी होते आणि आतून वाफेच्या भांड्यावरचं झाकण वाजत होतं. आईला मी कॅरिअरवर कधी पाहिलं नव्हतं. मला कळायला लागलं तेव्हा तिचे गुडघे गेले होते आणि ती बाजाराला टांग्याने जायची. सर्दीच्या औटकीला ती माझ्या वेळी स्वयंपाकघरात असायची.

"दादा, मग पास की नापास?" मी विचारलं.

त्याने नाक ओढलं. तिकडेही थंडी होती. "राहू दे त्यांना," तो म्हणाला. "तिकीट काढलं होतं मी. ते रद्द करतो. मीच येतो पुढच्या महिन्यात." आणि मग एकदम मोठ्या भावाच्या आवाजात, "पण सर्दी जाईपर्यंत सायकल नाही, हे त्यांना माझ्याकडून सांग. दटावून सांग."

अण्णा कॉटवर टेकून बसले होते. डोक्यावरून टॉवेल, चेहरा वाफेने लाल. मी दादाचं सगळं सांगितलं नाही. तो म्हणाला राहू दे, एवढं सांगितलं. त्यांनी मान हलवली. मी भांडं उचललं, पुन्हा ठेवलं.

"तुम्ही आम्हाला सांगितलं का नाही?"

काय, असं त्यांनी विचारलं नाही. टॉवेलने मान पुसत राहिले.

"मला वाटायचं, येईल," ते म्हणाले. "सतरापर्यंत नेऊन सोडलं की पुढचं आपोआप येईल. रोज वाटायचं. इतक्यांदा आलेलं आहे." मग टॉवेल खांद्यावर टाकत, "तुझा आवाज तिच्यासारखा नाही."

"नाही," मी म्हणाले.

"पण वेळेवर आलीस."

ते आडवे झाले. मी अंगावर दुलई घातली, तिच्यावर घोंगडी. डोळे मिटूनच ते म्हणाले की आता चार दिवस ते काही सायकल काढत नाहीत, अंग अगदी मोडून आलंय, सोमवारपासूनच आलंय.

"सोमवारपासून? मग इतके दिवस कशाला गेलात?"

"एकदा भिंतीला लावली असती," अण्णा म्हणाले, "तर तुम्ही परत काढू दिली असती का?"

मी दुलईची कड खोचत राहिले. बाहेर अण्णांची सायकल उन्हात उभी होती आणि माझी तिला टेकून.

"उद्या तू जाऊन ये," ते म्हणाले. "पाणी सोडलंय परवा. कुठवर आलंय बघ."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"बघून तर ये. मी विचारेन."

त्या सर्दीनंतर अण्णा पुष्कळ वर्षं जगले, त्यांच्याच घरात, आणि शेवटचे काही महिने सोडले तर पाटावर जात राहिले. गेले ते सर्दीने नाही आणि सायकलवरूनही नाही. येत्या फाल्गुनात वर्ष होईल.

त्या शनिवारी सकाळी मी एकटी गेले. चढ मला सायकलवर बसून जमला नाही, अर्ध्यातून उतरून ढकलत नेली. निवृत्तीभाऊंनी विचारलं, साहेब कुठे. म्हटलं, झोपलेत. ते म्हणाले, बरं झालं, आणि शेकोटीत आणखी एक लाकूड सारलं. वर जाऊन मी पाणी पाहिलं, नीट पाहिलं, वाकून पाहिलं, आणि परत आले.

अण्णा अजून झोपले होते. ऊन खिडकीतून कॉटवर आलं होतं, एरवी त्या वेळी ते कधी अंथरुणात सापडले नसते. नाक चोंदल्यामुळे तोंड उघडं होतं आणि ते संथ घोरत होते. मी खुर्ची कॉटपाशी ओढून घेतली. पाणी दाराच्या दुसऱ्या पायरीला लागलं होतं. विसरू नये म्हणून ते मनात म्हणत, ते उठून विचारतील त्याची वाट बघत मी तिथेच बसून राहिले.